मोकळ्या दमाचे तीन महिने

आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि चाचांची दोस्ती जळालेल्या मोटारींवरून जमली. आण्णा धारूरकडच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी सोडायचे. विहिरीवरची मोटार वर्षातून दोन-तीनदा तरी जळायची. मग आण्णा ती पोत्यात बांधून एसटीच्या टपावर चढवायचे आणि अंबाजोगाईला चाचांच्या दुकानात नेऊन टाकायचे. चाचा मोटारी बांधायचे, म्हणजे जळकी तार काढून त्यात नवी तांब्याची तार भरायचे. त्याला दिवस मोडायचा, तोवर आण्णा दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. चहा व्हायचा, गावाकडच्या गप्पा व्हायच्या. बारावी झाल्यावर मी पोलीस भरतीचा हट्ट धरला, तेव्हा ही गोष्टही त्याच पायरीवर निघाली. चाचा म्हणाले, "पोरीला आमच्याकडं ठिवा. माझी नसरीन बी त्याच नादाला लागलीय. दोघी मिळून पळतील."

अशी मी चाचांच्या घरात राहायला गेले. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये फरशीचं अंगण आणि अंगणाच्या कडेला एक लांबोडकी खोली. ती मला आणि नसरीनला दिलेली होती. त्या घराचे आवाज माझ्या कानातून अजून गेलेले नाहीत. तार गुंडाळायच्या हँडलची कर्रकर्र सकाळपासून चालायची, चाचा मनातल्या मनात फेरे मोजायचे आणि मध्येच कुणी हाक मारली की मोजणी चुकून पहिल्यापासून सुरू करायचे. चाची कोंबड्यांशी, भांड्यांशी आणि आमच्याशी एकाच सुरात बोलायची. सकाळी ग्राउंडवरून आलो की ताटात खिचडी आणि खट्टा असायचा. तीळ, शेंगदाणे आणि चिंचेचं ते पातळ आंबट पाणी खिचडीवर ओतून, वर पापड मोडून खायचं. आमच्या घरी सकाळी शिळी भाकरी आणि चटणी. पहिल्या दिवशी मी तो खट्टा नुसता वाटीने प्याले आणि चाची तोंडाला पदर लावून हसली. "और लेव गे," म्हणाली, आणि त्यानंतर माझी वाटी कायम मोठी असायची.

या सगळ्यात एक गोष्ट मला सोसत नव्हती. मोटार बांधून झाली की चाचा ती वार्निशात बुडवून उन्हात वाळत ठेवायचे. त्या वासाने माझ्या छातीत बारीक शिट्टी सुरू व्हायची. मला बाळदमा होता. तुरीचं खळं चालू असलं की, चुलीत ओलं जळण घातलं की, थंडीचं धुकं डोंगरावरून खाली उतरलं की माझा दम भरायचा. आईच्या मांडीला टेकून, बसल्या बसल्या झोपून मी लहानाची मोठी झाले. अडुळशाचा काढा मी इतका प्यालेय की आजही ते झाड दिसलं की जीभ कडू होते. धारूरच्या एका डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप लिहून दिला होता. त्याने पाच मिनिटांत मोकळं वाटायचं. पण आईला त्या पंपाची धास्ती होती. "त्याची सवय लागती," ती म्हणायची, "आन् पोरीला दमा हाय म्हणून कळलं तर पुढं कोण करून घील तुला?" कुणी पाव्हणे आले की पंप ज्वारीच्या कणगीत जायचा. मी अंबाजोगाईला निघाले तेव्हा तो तिने माझ्या साडीच्या घडीत ठेवला आणि म्हणाली, "कुणाला दावू नको."

नसरीनला मी आठ दिवसही लपवू शकले नाही. ती उंच होती, लांब टांगांची, ओढणी कमरेला गच्च बांधून सलवारीवर पळायची आणि पळताना तिचं तोंड हसरं दिसायचं. कॉलेजच्या मैदानावर उजाडता उजाडता आमचा सराव चालायचा. आम्हा दहा-बारा मुलींत ती पहिली आणि मी शेवटची. दुसऱ्या फेरीला माझा गळा आवळायचा. मग मी लघवीचं निमित्त काढून पाण्याच्या टाकीमागे जायचे आणि पंप ओढायचे. एक दिवस ती माझ्यामागे आली. मी पंप मुठीत झाकला.

"काय हाय ते?" तिने विचारलं.

"काही न्हाई."

"मग रडतीस कावून?"

मी सांगून टाकलं. तिने पंप हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, परत दिला आणि म्हणाली, "एवढंच व्हय. वढ तू, मी हितं उभी राहते." त्या दिवसापासून रोज दुसऱ्या फेरीनंतर ती टाकीपाशी येऊन उभी राहायची आणि कुणी आलं की मोठ्याने खाकरायची. तिचा स्वतःचा वेळ त्यात जायचा, पण ती बोलली नाही. माझ्या आयुष्यात माझा दमा लपवायला मदत करणारी आई होती. दमा असूनही पळ म्हणणारी नसरीन पहिली.

सराव घ्यायला एक सर होते. सैन्यातून परत आलेले, कडक, पण मनाने वाईट नव्हते. सरावाच्या नोंदीत माझं नाव कायम तळाला पाहून त्यांना माझी कीव यायची. हिवाळ्याच्या तोंडाला त्यांनी सगळ्या मुलींसाठी ताकदीची पावडर मागवली. हैदराबादहून येते म्हणाले. पांढऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात, वर ना नाव ना गाव, फिकट पिवळी, दुधात टाकली की व्हॅनिलाचा वास यायचा. "मी सोता घेतो," सरांनी दंड दाखवून सांगितलं. मी धीर करून त्यांना एकटं गाठलं आणि दम्याचं सांगितलं. चालेल का, असं विचारलं. ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "अशक्तपणानंच दम लागतो. अंगात ताकद आली की दम कुठला? तो पंप बिंप कमी कर."

मला हेच ऐकायचं होतं. डॉक्टरला विचारावं हे मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. सरकारी दवाखाना तिथून चालत पाव तासावर होता. पण डॉक्टर नको म्हणाले असते, आणि मला नको हा शब्द ऐकायचा नव्हता.

नसरीनने पावडर दोन दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी तिला मळमळलं. "मला न्हाई मानवत हे," म्हणून तिने आपलं पाकीट माझ्या पेटीत ठेवलं. "तू घे. तुला जास्त गरज हाय." मी सकाळी माझी आणि संध्याकाळी तिची अशी दोन वेळा घ्यायला लागले.

आणि माझी छाती उघडली. दुसरे शब्द मला सापडत नाहीत. आठवडाभरात शिट्टी गेली. पंधरा दिवसांत मी उताणी, एका उशीवर झोपले. आयुष्यात पहिल्यांदा. सकाळी जाग आली तेव्हा मला वाटलं माझ्या छातीवरून कुणीतरी ओझं उचलून नेलंय, आणि मी तशीच पडून श्वास घेत राहिले, आत-बाहेर, आत-बाहेर, लहान मूल खेळण्याशी खेळतं तशी. वार्निशाचा वास आता नुसता वास होता. चाची मिरच्यांची फोडणी द्यायची आणि सगळं घर ठसकायचं, मी सोडून. रविवारी नसरीन आणि मी मुकुंदराजाच्या दरीपर्यंत पळत जायचो, खाली उतरून पुन्हा वर यायचो, आणि वर आल्यावर ती कमरेवर हात ठेवून धापा टाकायची आणि मी तिच्याभोवती फेऱ्या मारायचे. भूक तर अशी लागायची की चाचीने माझ्यासाठी तांदूळ वाढवला. एकदा पळता पळता नसरीनने माझा हात धरला आणि आम्ही आठशे मीटरची शेवटची फेरी तशीच हातात हात घालून मारली. सर ओरडले, आम्ही हसत सुटलो. पळताना हसता येतं हे मला माहीतच नव्हतं.

मी आज पन्नाशी ओलांडलीय. दम्यावर नीट उपचार घेते, माझं बरं चाललंय. तरी त्या तीन महिन्यांसारखा श्वास मला परत मिळाला नाही. तो फसवा होता हे मला पुरतं ठाऊक आहे. तरी कधी कधी धुक्याच्या सकाळी मला त्याचीच आठवण येते, आणि त्याच्याबरोबर त्या हाताची.

संक्रांतीला मी गावी गेले. आईने दारातच माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "कसं भरलंय गं तोंड. शहराचं पाणी मानवलं लेकीला." तिने दृष्ट काढली. पंपाचं विचारलं, मी म्हणाले, लागतच नाही. आई चुलीपुढे बसून रडली, सुखाने. आण्णांनी गावभर सांगितलं. मी परत निघाले तेव्हा पंप कणगीत ठेवून आले.

तोंड भरलं होतं हे खरं. पण हातपाय काडीसारखेच होते. गाल गोल झाले होते, ओठावर लव आली होती, पोटावर लालसर चरे उठले होते. ते चरे मी नसरीनला दाखवले तेव्हा तिचं हसू गेलं. तिने चाचांना सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी जेवताना चाचांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बेटा, ती पावडर कशाची हाय?"

"ताकदीची, चाचा."

"पाकिटावर काय लिवलंय?"

"काहीच न्हाई."

"मग घेऊ नको. मोटारीला विजेचा दाब जास्त दिला की ती बी जोरात फिरती. लोकाला वाटतं, काय पाणी मारतीया. आन् मंग जळून माझ्याकडं येती."

मी ताट तसंच ठेवून उठले. खोलीत नसरीन माझ्यामागे आली आणि आमचं पहिलं भांडण झालं. ती म्हणाली, बंद कर. मी म्हणाले, तुला माहीत नाही दम कोंडणं काय असतं. भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळण्याची परीक्षा, पंधरा दिवसांवर आलं होतं. "तेवढं होऊ दे, मग टाकून देते," मी म्हणाले. तिने माझ्या पेटीकडे एकदा पाहिलं.

दोन-तीन दिवसांनी पावडरीची चव मला वेगळी लागली. दुधात नीट विरघळेना, तळाला बसायची. सरांनी नवीन माल आणला असेल असं समजून मी पीत राहिले. मग अंग मोडून यायला लागलं. दुकानाची पायरी चढताना मांड्या थरथरायच्या. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. खाल्लेलं उलटून पडायचं. मला वाटलं, ग्राउंडची धास्ती. आठव्या दिवशी दुपारी चाचांनी एक मोठी मोटार वार्निश करून अंगणात ठेवली होती. मी कपडे वाळत घालत होते. वास आला, छातीत शिट्टी वाजली, आणि वाजता वाजता बंद झाली. आवाजच बंद झाला. दम्याच्या माणसाला कळतं, शिट्टी बंद होणं हे जास्त वाईट. मी दोरी धरून खाली बसले. पंपासाठी खोलीकडे हात केला आणि आठवलं, तो गावी, ज्वारीत आहे.

नसरीनने मला कशी उचलली मला माहीत नाही. ऑटोत माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं आणि ती माझ्या कानात एकच म्हणत होती, "माझ्याबरूबर घे, सुनंदा. माझ्याबरूबर घे." ती मोठ्याने श्वास घ्यायची आणि मी तिच्यामागे ओढायचे. सरकारी दवाखान्यात नाकाला नळी लागली, वाफेचं यंत्र तोंडावर आलं, दंडात सुया गेल्या. संध्याकाळपर्यंत मला शब्द बोलता यायला लागले. एक डॉक्टर मॅडम होत्या, वयाने फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी माझे गाल पाहिले, पोटावरचे चरे पाहिले.

"कोणत्या गोळ्या चालू होत्या तुला?"

"कोणत्याच न्हाईत."

"खरं सांग."

पायथ्याशी नसरीन उभी होती. तिने पावडरीचं सगळं सांगितलं. मग खाली बघून म्हणाली, "मॅडम, आठ दिवस झाले, पाकिटात पावडर न्हाई. मी काढून टाकली. फुटाण्याचं पीठ भरून ठिवलं त्यात. मला वाटलं, तिला कळणार बी न्हाई आन् सुटंल."

मॅडमनी कपाळाला हात लावला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं की त्या पावडरीत कुणीतरी स्टिरॉइड मिसळलेलं असणार. तपासल्याशिवाय शपथेवर सांगता येणार नाही, पण अंगावरची लक्षणं तीच आहेत. दम्यावर ते चालतं, म्हणून माझी छाती उघडली होती. पण किती जातंय याला माप नव्हतं. आणि इतके दिवस घेतल्यावर ते एकदम तोडायचं नसतं. शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं, ते हळूहळू उतरवावं लागतं. "तुझी चूक नाही," त्या नसरीनला म्हणाल्या. "तुला कसं माहीत असणार."

पण मला त्यातलं एकच ऐकू आलं होतं. माझी पावडर हिने काढली. ग्राउंड चार दिवसांवर होतं आणि मी खाटेवर होते. मी नळी बाजूला सारून म्हणाले, "तुला एकटीलाच पोलीस व्हायचं होतं."

खोलीत दोन आया होत्या, त्यांनीही वळून पाहिलं. नसरीनचा एक हात खाटेच्या दांडीवर होता, तो तिने काढून घेतला आणि ती बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी आई-आण्णा आले. आईने कणगीतला पंप पदराच्या गाठीत बांधून आणला होता. तो तिने सगळ्यांदेखत, उघड्यावर माझ्या उशाशी ठेवला. सरही येऊन गेले. दारात उभे राहिले तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्यांचं तोंडही माझ्यासारखंच गोल होतं. मॅडमनी त्यांना हाताला धरून तपासायला नेलं. नसरीनला आत येऊ देऊ नका, असं मी आईला सांगितलं. आईने का म्हणून विचारलं, मी भिंतीकडे तोंड केलं.

ग्राउंडचा दिवस आला आणि गेला. मी खाटेवर पडून बीडच्या मैदानावरची नसरीन मनात पळवत होते. तिची टांग, तिची ओढणी. तिला पहिली येताना बघून मला कढ यायचा. पाचव्या दिवशी मला सोडलं. जीपमध्ये बसल्यावर आई म्हणाली, "काय केलं गं त्या पोरीनं तुझं? रोज त्या बाकावर बसून व्हती. भरतीच्या दिशी बी तिथंच. मी म्हणलं, जा बाई, तुझा नंबर जाईल. हलली न्हाई. आत काय चाललंय तेवढं सांगा म्हणायची."

मी जीप थांबवा म्हणाले नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. मला बोलता येत होतं, श्वास येत होता, दवाखाना अजून मागच्या काचेत दिसत होता.

माझं अंथरूण आणि पेटी आण्णांनी जाऊन आणली. पुढच्या उन्हाळ्यात नसरीनच्या लग्नाची चिठ्ठी आली, नांदेडकडे दिली होती. आण्णा गेले, मी तब्येतीचं निमित्त सांगितलं. मॅडमनी दिलेल्या गोळ्या हळूहळू उतरल्या, गाल उतरले, पंप मात्र मी उघड वापरायला लागले. पुढे मॅडमच्याच सांगण्यावरून रोजच्या औषधाचा वेगळा पंप सुरू झाला आणि मी परत पळायला लागले, शेवटची नाही, मधली. पोलीस झाले नाही. शाळेत खेळाची शिक्षिका झाले. आता माझ्या शाळेतल्या मुली मोबाइलवरून पावडरीचे डबे मागवतात आणि मला आणून दाखवतात. मी चष्मा लावून त्यावरचं बारीक अक्षर वाचत बसते. सगळेच डबे वाईट नसतात. पण दम्याची मुलगी असली की मी तिला आधी तिच्या डॉक्टरकडे घेऊन जाते, स्वतः, सोबत. त्या मुली मला चिवट म्हणतात.

चाचा गेले तेव्हा मी अंबाजोगाईला गेले होते. नसरीन आली होती, अंगाने भरलेली, केसांत पांढरं. बायकांच्या गर्दीत तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बोलायची ती जागा नव्हती. निघताना तिने माझ्या मोबाइलमध्ये स्वतः आपला नंबर टाकून दिला. तेव्हापासून ईदला मी फोन करते, दिवाळीला ती करते. मुलांचं, गुडघ्यांचं, चाचीच्या डोळ्यांचं बोलतो. ते एक कधी निघालं नाही.

या ईदला मी काढलं. तिच्याकडे मागे पोरंटोरं गोंधळ घालत होती, शीरखुर्म्याच्या वाट्या वाजत होत्या. मी म्हणाले, "नसरीन, त्या दिवशी दवाखान्यात मी जे बोलले..." आणि पुढे मला येईना. "माझ्यामुळं तुझं ग्राउंड हुकलं."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला, गोंधळ कमी झाला.

"कुठं हुकलं?" ती म्हणाली. "गेलते की मी ग्राउंडला. पहाटं एसटीनं गेलते, दुपारी परत आलते. तुझ्या आईला कळलं बी न्हाई. पळाले, पण नापास झाले. तू उगंच मनाला लावून घेतलंस एवढी वर्षं."

आईने मला काय सांगितलं ते तिला माहीत नव्हतं. ती बाकावरून हलली नव्हती, हे मला जीपमध्येच कळलं होतं. मी फोन कानाला घट्ट धरला.

"कितीनं नापास झालीस?" मी विचारलं.

"थोडक्यात," नसरीन म्हणाली. "लई थोडक्यात."